जुरोंगचा राखणदार

काही गावं माणसांपेक्षा म्हातारी असतात आणि काही तरुण. जुरोंग हे गाव हेमचंद्र घाडीपेक्षा वयाने लहान होतं. हेमचंद्र आमच्या खाडीकाठी होड्यांच्या सावलीत रांगत होता, तेव्हा सिंगापूरच्या पश्चिमेला नुसता चिखल होता. चिखलात खारफुटी, खारफुटीत मगरी, आणि मध्ये मध्ये कोळंबीची तळी. मग सरकारने ठरवलं की इथे कारखाने उभारायचे. बाजूच्या टेकड्या कापल्या आणि त्या चिखलात ओतल्या. रस्ते आखले, वीज आणली, आणि वाट बघत बसले. सुरुवातीची काही वर्षं कुणी फिरकलंच नाही म्हणतात. नव्या रस्त्यांवर गवत वाढलं आणि लोक हसले. मग पोलाद आलं, टायर आले, प्लायवूड आलं, जहाजं आली, आणि हसणाऱ्यांचीच मुलं तिथे पाळीवर जाऊ लागली.

हेमचंद्र तिथे पोचला तेव्हा गाव भरात होतं. एका रस्त्यावर कोकोचा गोड वास, पुढच्या वळणावर गंजाचा, त्यापुढे रंगाचा. डोळे मिटून बसमध्ये बसलं तरी वासावरून कळायचं कुठे आलो. सकाळी कंपन्यांच्या बसमधून माणसं यायची आणि संध्याकाळी त्याच बसमधून जायची. माणसांच्या करमणुकीला दोन बागा केल्या होत्या, एक जपानी पद्धतीची आणि एक चिनी. पक्ष्यांना टेकडीच दिली होती. सगळं होतं त्या गावात. फक्त संध्याकाळ झाली की गावात गाव उरत नसे.

हेमचंद्र सुक्या गोदीत कामाला होता. दुरुस्तीला आलेलं जहाज गोदीत घेतात, दार बंद करून पाणी उपसतात, आणि जहाज हळूहळू खाली बसतं. ते ज्यावर बसतं ते ठोकळे मांडणं हे त्याचं काम. जहाजाच्या पोटाचा नकाशा घेऊन तो कोरड्या गोदीत उतरायचा, आणि ते पोट डोळ्यांसमोर आणून एकेक ठोकळा मांडून घ्यायचा. होड्या बांधणाऱ्या बापाचा मुलगा होता, लाकूड त्याचं ऐकायचं. पाणी उपसलं की एवढं मोठं जहाज त्याच्या मांडलेल्या रांगेवर गाय बसावी तसं बसे. तेवढा वेळ तो कुणाशी बोलत नसे. पुढेही फारसा बोलत नसे.

त्र्याण्णव साली त्याला फोरमन केलं आणि चांगला पास, म्हणजे कामाचा वरचा परवाना, दिला. त्या पासावर बायकोला आणता येत होतं. त्याने कामगारांची डॉर्मिटरी सोडली आणि जुरोंगला लागून असलेल्या बुकित बातोकला नवव्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने घेतला. कुकर घेतला, तवा घेतला, दोन पाट शोधून मिळाले नाहीत म्हणून दोन प्लास्टिकची स्टुलं घेतली. तिथे कपडे वाळवायला स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचतात. लोकांच्या बांबूंवर चादरी, शाळेचे गणवेश, लुंग्या, सगळं घरदार फडकायचं. याच्या बांबूवर दोन निळे शर्ट. ते वाळेपर्यंत खाली बघत उभा राही.

आता उल्काने यायचं तेवढं राहिलं होतं.

उल्का त्याची बायको. गावात सासऱ्याच्या घरात राहत होती, जमीन कसत होती, दिराच्या, प्रकाशच्या, संसाराला हातभार लावत होती. वर्षाला एकदा नवरा येई, महिनाभर राही, जाई. गावात तेव्हा एकच फोन होता, नंदूच्या दुकानात. दर आयतवारी, रविवारच्या सुट्टीत, दुपारी हेमचंद्र फोन करायचा आणि उल्का तिथे जाऊन बसायची. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं ऐकायची. ऐकायची म्हणजे नुसती ऐकायची नाहीत.

"फ्लॅट घेतलंय," हेमचंद्र म्हणाला. "नवव्या माळ्यार. वारो चांगलो येता."

"नवव्या माळ्यार!" दुकानातून कोणीतरी म्हणालं. "वैनी, माडार चडाक शिका आता."

"तू गप रे," उल्का म्हणाली. मग फोनमध्ये, आवाज उतरवून, "आधी माका सांगा, थंयसर राखणदार कोण?"

हेमचंद्रला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. 

आमच्याकडे जमिनीचा मालक सातबाऱ्यावर असतो, पण जमीन असते राखणदाराची. हद्दीहद्दीला एकेक असतो. घर बांधायचं, विहीर खणायची, नुसतं परक्या वाडीत चार दिवस मुक्कामाला जायचं, तरी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. बाबा, आम्ही आलो आहोत, आमची राखण कर. चामड्याचे मोठे जोडे त्याला वाहतात. हद्दीवर फेऱ्या मारून त्याचे जोडे झिजतात, वर्षाने टाचा बघाव्या तर घासलेल्या. विचारल्याशिवाय राहिलात तर तो काही करीत नाही. फक्त राखत नाही.

लग्नानंतर हेमचंद्र उल्काला घेऊन मुंबईला गेला होता. शिवडीला खाडीत भराव घालून वसवलेल्या वस्तीत एक खोली होती. पोर पोटात होतं. खोलीत पाऊल ठेवण्याआधी उल्काने विचारलं होतं, "इचारलात?" हेमचंद्र रात्रपाळी करून आला होता. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, तिथे कोण ओळखीचं होतं? तो म्हणाला, "इचारलंय." आणि दार उघडलं. मुलगी झाली. आठव्या महिन्यात घशाच्या आजाराने गेली. उल्का गावी परतली ती पुन्हा हद्दीबाहेर राहिली नाही. पुढे मूल झालं नाही. आणि हेमचंद्र जहाजावर चढला. त्या एका शब्दाबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही.

म्हणून या वेळी त्याला खरं विचारायचं होतं. उल्काला नुसतं सांगायचं नव्हतं. त्याला जुरोंगचा राखणदार सापडायला हवा होता.

त्याने पहिल्यांदा विचारलं आंगला. आंग गोदीच्या कोठारात होता, हडकुळा, कपाळावर चष्मा, आणि बोलायला चोवीस तास तयार. त्याच्या बापाची तिथेच कोळंबीची तळी होती.

"देव?" आंग म्हणाला. "होता ना. आमच्या तळ्यांच्या बांधावर देऊळ होतं. लहान, पण फार कडक देव. कोळंबी चोरली की चोराला जुलाब लागायचे."

"मग आता कुठे आहे?"

"फ्लॅटमध्ये, लाह!" तिथल्या बोलीतलं शेपूट लावून आंग हसला आणि खोकला. "गाव उठलं तेव्हा देऊळपण उठलं. आता चार गावांचे देव एका छपराखाली आहेत, तिकडे वसाहतीजवळ. भाडं वाटून घेतात. माझी बायको म्हणते, रात्री भांडत असतील."

"पण जमीन राखायला मागे कोणी ठेवला नाही?"

"कसली जमीन?" आंगने पाय आपटला. "ही? ही टेकडी होती, तिकडे. तिला उलटी करून इथे ओतली. वरची माती खाली, खालची वर. टेकडीचा कुणी असलाच तर तो आता डोकं खाली पाय वर असा गाडलेला असेल. त्याला काय विचारतोस?"

हेमचंद्र हसला नाही. त्याने ते मनात नीट ठेवलं. उलटी जमीन.

गेटवर रहमत नावाचा म्हातारा मलय पहारेकरी होता. तो समोरच्या एका बेटावर जन्मला होता. ती बेटंही आता वाळू ओतून एकमेकांना जोडायला घेतली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं गेटच्या खोलीत बसून समोर बघत. खाडीत वाळूच्या बोटी उभ्या असत. प्रत्येक वेळी बघावं तर पाणी थोडं कमी झालेलं.

"तुमच्या बेटावर कुणी राखणारा होता का?" हेमचंद्रने विचारलं.

रहमतने आधी डबा झाकला. "बेटावर होता. आणि इकडे किनाऱ्यावरपण एक होता. गेटपासून पुढे वळणावर ते मोठं रेन ट्री आहे ना, त्याच्याखाली एका सत्पुरुषाची कबर होती. कोळी समुद्रात जायच्या आधी तिथे पिवळा कपडा बांधायचे. आम्ही बेटावरून होडीने यायचो."

हेमचंद्र पुढे सरकला. "अजून आहे?"

"रस्ता रुंद केला तेव्हा हलवली. दुआ पढून, रीतीने. आता कब्रस्तानात आहे, दुसरीकडे."

"पण तो? तो स्वतः? तो थांबला असेल की इथे."

"आम्ही त्याला घेऊन गेलो," रहमत म्हणाला. "तू घर सोडून जाताना आज्याला मागे ठेवशील का?"

मग दोघंही वाळूच्या बोटी बघत बसले.

गणपतीला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला हेमचंद्र जात असे. तिथे पुण्याचा सौमित्र भेटायचा, कॉम्प्युटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता, आणि त्याची बायको मेधा. मुलगा दोघांच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायचा. हेमचंद्रने सौमित्रलाही विचारून पाहिलं.

"काका, जुरोंगचा राखणदार म्हणजे टाऊन कौन्सिल," सौमित्र म्हणाला. "लिफ्ट बंद पडली की त्यांना फोन करा. अर्ध्या तासात प्रसन्न!"

मेधाने त्याला कोपराने ढोसलं. पण हेमचंद्रलाही हसू आलं. खोटं काय होतं त्यात? तिथे दिवा गेला तर दुसऱ्या दिवशी नवा लागे. पान पडलं तर उचललं जाई. चोरी नाही, मारामारी नाही. गाव राखलेलंच होतं. फक्त राखणाऱ्याला तोंड नव्हतं, आणि त्याला कुणी आपलं सुखदुःख सांगू शकत नव्हतं.

दोन वर्षं गेली. दर आयतवारी उल्का विचारायची, "गावलो?" आणि तो म्हणायचा, "बघतंय." दुकानातल्या लोकांनी त्याच्यावर गाणं रचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पंचाण्णवच्या एका आयतवारी त्याने बुकित बातोकच्या फोनबूथमधून फोन लावला. आदल्या दिवशी त्याला ताप होता. दिवसभर फ्लॅटमध्ये पडून होता आणि पाणी द्यायला कुणी नव्हतं. उल्काने विचारलं, "गावलो?"

"गावलो," तो म्हणाला.

पलीकडे दुकानसुद्धा गप्प झालं.

"खंय?"

"रस्त्याच्या वळणार. मोठ्या झाडाखाली. समुद्रात जाणारे तेका मानत."

"नाव काय तेचा?"

"नाव घेवचा नसता."

हे उल्काला पटलं. आमच्याकडेही नाव घेत नाहीत. ती मग म्हणाली, "जोडे केवड्या मापाचे करूचे?"

"आपल्याच राखणदाराच्या मापाचे कर."

अशा रीतीने खोटं पुन्हा बोललं गेलं. एकदा शिवडीच्या दाराशी, आता या नव्या दारासाठी.

जोडे गावात झाले. हातभर लांब, जाड चामड्याचे, वर पितळी फुलं. शहाण्णवच्या जानेवारीत मेधा माहेरून सिंगापूरला परत येत होती, तिच्या सोबतीने उल्काला विमानात बसवलं. आधी पाहुणी म्हणून यायचं, आवडलं तर कायमचा पास करायचा असं ठरलं होतं. विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने एक जोडा दोन्ही हातांनी उचलला आणि मेधाला विचारलं, हा कुणाचा?

"हिच्या घरमालकाचा," मेधा म्हणाली.

अधिकाऱ्याने जोडा पुन्हा बघितला आणि म्हणाला, "भाडं वेळेवर द्या, लाह."

उल्का फ्लॅटमध्ये आली. उंबऱ्याशी थांबली, आत आली, खिडकीतून खाली बघितलं, पटकन मागे सरली. कुकर बघितला, स्टुलं बघितली, हसली. पण बॅग सोडली नाही. चूलही पेटवली नाही. "आधी तेका भेटाया," म्हणाली. त्या दिवशी दोघांनी केळी खाल्ली आणि खालून आणलेला चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी आयतवार होता. बसने दोघं जुरोंगला गेली. कारखान्यांचे रस्ते सुट्टीच्या दिवशी काय असतात ते बघितल्याशिवाय कळणार नाही. रुंद, सरळ, झाडांच्या दोन रांगा, आणि माणूस एकही नाही. कुत्रंसुद्धा नाही. धुराडी थंड. उल्काच्या वहाणांचा आवाज कंपाउंडच्या भिंतींवर आपटून परत येत होता.

"माणसा खंय गेली?"

"आज आयतवार."

"म्हणान काय गावच बंद करतत?"

झाड मात्र खरं होतं. फांद्या रस्त्याच्या पलीकडे पोचलेल्या, बुंध्यावर नेचे आणि शेवाळ. उल्काने मान वर करून बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. "हां," म्हणाली. "जागा आसा."

तिने बुंध्याशी पाणी शिंपडलं, केळ्यांची फणी ठेवली, विडा ठेवला, जोडे ठेवले, बोटं समुद्राकडे करून. नारळ हेमचंद्रच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे जाऊन हात जोडून उभी राहिली. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं, आणि हेमचंद्र तर घाडी. त्याचा बाप, आजा, गावाची गाऱ्हाणी घालत आलेले. शब्द त्याच्या रक्तात होते. आजवर तिथे एकटा असताना त्याने ते कधी उच्चारले नव्हते, कारण गाऱ्हाण्याला मागून होकार लागतो.

"बा म्हाराजा," त्याने सुरुवात केली. "ह्या हद्दीच्या राखणदारा..."

"होय म्हाराजा," मागून उल्का म्हणाली.

"ही तुझी लेकरां लांबसून तुझ्या पायाकडे इली असत..."

"होय म्हाराजा."

"काय चुकला माकला आसात ता पोटात घाल. येणाऱ्याची, जाणाऱ्याची राखण कर..."

"होय म्हाराजा!"

तिचा आवाज ठणठणीत होता. रिकाम्या रस्त्यावर लांबवर गेला. हेमचंद्रने गाऱ्हाणं पुरं केलं, एक शब्द न चुकता. जिथे कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तिथे तो आपल्या बापाच्या आवाजात बोलला. नारळ एका घावात फुटला. चांगला शकुन म्हणून उल्का हसली. त्याला पाण्याचे शिंतोडे हातावर जाणवले, थंड, आणि एकदम वाटलं की या जगात आपल्याइतकं एकटं कुणी नाही. आणि बायको दोन पावलांवर उभी होती.

सोमवारी सकाळी कंपनीची बस त्याच वळणावरून गेली. झाडाजवळ सफाईची लॉरी उभी होती. नारिंगी बनियनवाल्यांपैकी एकाने आपला बूट काढून पाय त्या जोड्यात घातला होता आणि दुसऱ्याला दाखवून हसत होता. मग दोन्ही जोडे, केळी, नारळाच्या कवट्या, सगळं उचलून लॉरीत टाकलं. झाडाखालची जागा झाडली. त्यांचं काम होतं ते, त्यांनी चोख केलं. बस पुढे गेली.

संध्याकाळी दारातच उल्काने विचारलं, "झाडाकडसून गेलात? जोडे आसत?"

"नायत," हेमचंद्र म्हणाला. हे खरं होतं.

"गेलो फेरीक!" उल्काने टाळी वाजवली. इतक्या वर्षांत तिला असं हसताना त्याने बघितलं नव्हतं. "पयल्याच दिवशी! आपलो राखणदार म्हयनो म्हयनो जोड्यांत पाय घालणा नाय."

त्याच संध्याकाळी बॅग सुटली. नारळ खवला गेला, कालवणाचा वास जिन्यापर्यंत गेला, शेजारची तमिळ बाई डोकावून काय शिजतंय विचारून गेली. दुसऱ्या दिवशी बांबूवर साड्या आल्या, निळ्या शर्टांच्या बाजूला. हेमचंद्र कामावरून येताना खालच्या रस्त्यावरून नववा मजला मोजायचा आणि साडी दिसली की पाय उचलायचा. उल्का बाजारात खुणांनी मासे घेऊ लागली, तराजूवाल्याशी मालवणीत भांडू लागली आणि जिंकू लागली. नंदूच्या दुकानात आता इथून दोघं मिळून फोन करत. गावकऱ्यांना तिने सांगितलं, "हंयसरलो राखणदार धाकटो आसा, तरणो. चलाक दमणा नाय."

हेमचंद्रला जे हवं होतं ते सगळं घरात होतं. आणि तो जेवताना कमी बोलू लागला होता.

महिना सरत आला. कायमच्या पासासाठी सही करायची होती, सोमवारी ऑफिसात जायचं होतं. आदल्या दुपारी दोघं जेवून बसली होती. उल्का सुपारी कातरत होती. खिडकीतून दगडाच्या जुन्या खाणीची कापलेली टेकडी दिसत होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मुंबयच्या खोलयेत जाताना तुमी इचारला होतात."

हेमचंद्रने वर बघितलं नाही.

"तुमी इचारलात, तरी आपला बाळ गेला. मगे मी म्हटलंय, म्हणजे चूक माझी. उंबरो वलांडताना माझा काय तरी चुकला. डावो पाय पयलो पडलो असतलो. नायतर माझ्या मनात काय वायट इला असतला. तुमका कदी सांगूक नाय. पंचवीस वर्सां ह्याच घोकतंय. पण हंयसरल्या राखणदारान माका घेतला. म्हणजे आता माझो दोष फिटलो, होय मां?"

तिने विचारलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

हेमचंद्र एक शब्द बोलला असता तर ती राहिली असती. होय म्हणायचं होतं फक्त. तो उठला, खिडकीशी गेला, बांबू आत ओढून घेतला, उगीच, कपडे अजून ओले होते. परत येऊन तिच्यासमोर बसला, स्टुलावर नाही, खाली.

"मी इचारूकच नाय," तो म्हणाला.

"काय?"

"मुंबयक. रात्रपाळी करून इललंय. तुका नुसता सांगलंय. तुझा कायच चुकलेला नाय, उल्का. डावो पाय नाय, काय नाय."

तिने कातरलेली सुपारी बाजूला सारली.

"आणि हंयसर..." त्याला आता थांबता येईना. "हंयसरपण कोण नाय. होतो, तेका लोक घेवन गेले. मी सगळ्यांका इचारलंय, खरांच इचारलंय, पण कोण नाय. जोडे कचऱ्याच्या गाडीत गेले. मी बघलंय."

 खाली खेळणाऱ्या मुलांचा आवाज येत होता. मग उल्का स्वतःच्या डाव्या पायाकडे बघू लागली. हात लावून बघितला, टाचेपासून बोटांपर्यंत, जसं काही तो आजच तिला परत मिळाला होता.

"म्हणजे माझा कायच चुकलेला नाय," ती म्हणाली.

"नाय."

तेव्हा ती रडली. हेमचंद्रने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

राग तिने भांडून काढला नाही. सोमवारी ती ऑफिसात आली नाही. "मी हंयसर रवूचंय नाय," एवढंच म्हणाली. परतीच्या विमानापर्यंत ती रोज रांधत होती, त्याचे शर्ट धूत होती. मधूनच मुलीबद्दल बोलायची. तिला जावळ किती होतं, हसताना एकाच गालाला खळी पडायची, ती कुठल्या गालाला? हेमचंद्र म्हणाला, उजव्या. ती म्हणाली, नाही, डाव्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या पोरीवरून वाद घातला. मग मेधाच्या ओळखीचं एक कुटुंब मुंबईला निघालं होतं, त्यांच्यासोबत उल्का गेली.

बांबूवर पुन्हा दोन शर्ट आले.

आयतवारी त्याने फोन केला. नंदू म्हणाला, "वैनी इल्या नायत." पुढच्या आयतवारीही तेच. दुकानातले लोकही आता मध्ये बोलत नव्हते, सगळ्यांना काहीतरी कळलेलं होतं. हेमचंद्र तरी फोन करत राहिला. गोदीत जहाजं येत होती, बसत होती, उठून जात होती. समोरच्या बेटांच्या मधलं पाणी आणखी आटलं. रहमत निवृत्त झाला आणि गेटवर नवा माणूस आला, त्याचा जन्म फ्लॅटमधला होता.

पावसाळ्याच्या तोंडाला एका आयतवारी उल्काच फोनवर आली. बरी आहेस का, शेत नांगरलं का, यातलं काही तिने बोलू दिलं नाही.

"शिवडीच्या त्या खोलयेचो पत्तो सांगा," म्हणाली.

"कित्याक?"

"भावजींका घेवन जातंय. इचारून येतंय."

"उल्का, ती चाळ आता आसा काय नाय, कोणाक ठावक. आणि आता इचारून..."

"चाळ नसात. जागा असतली," ती म्हणाली. "माझा पोर त्या हद्दीत रवला. तेका कोणी राखूक नको?"

हेमचंद्रने पत्ता सांगितला. नाका, गल्ली, पाण्याची टाकी, टाकीच्या मागची तिसरी चाळ. त्याला सगळं आठवत होतं. पलीकडे ती दिराला, प्रकाशला, एकेक शब्द सांगत होती.

"मी येव?" त्याने विचारलं. "रजा घेतंय. मुंबयत भेटतंय."

फोनमध्ये समुद्रासारखा आवाज येत राहिला. दुकानात कोणीतरी साखर मागितली, नंदूने त्याला दटावलं.

"ह्यावेळी मीच इचारतंय," उल्का म्हणाली. "तुमी थंयच रवा."

तिने फोन ठेवला. बूथच्या बाहेर एक चिनी मुलगी आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. हेमचंद्रने तिला दार धरलं, आणि दुपारच्या उन्हात घराकडे चालू लागला. फुटपाथ स्वच्छ होता. लिफ्ट चालू होती. नवव्या मजल्यावर वारा चांगला येत होता.